परसातल्या तळ्याचा ड्रम-फिल्टर: दर आठवड्याला धुवायचा कंटाळा आलाय, काय बदल करू?

तळ्यात_मळ्यात
नमस्कार मंडळी. फोटो चढत नाहीये, म्हणून शब्दांतच सांगतो.

घर देवरुखजवळ. मागच्या परसात जांभा खोदून, आतून सिमेंटचा गिलावा करून तळं केलंय. आतून १० फूट लांब, ५ फूट रुंद, पाणी २ फूट. गप्पी मोजण्यापलीकडे, काही गोल्डफिश आणि भाच्याने हौसेने आणून सोडलेले तीन कोई (रंगीत कार्प मासे). एका कोपऱ्यात कमळाची कुंडी.

फिल्टर घरीच केलाय. २०० लिटरचा निळा ड्रम तळ्याच्या काठावर उभा. पंप तळ्याच्या तळाशी. पाणी पाइपने ड्रमच्या तोंडात वरून पडतं. सगळ्यात वर स्पंज, त्याखाली खडी, त्याखाली कोळसा, आणि तळातून निघालेला पाइप वर वळवून परत तळ्यात. व्हिडिओंमध्ये दाखवतात तसाच.

चालतो, नाही असं नाही. पण पाच-सहा दिवसांत स्पंज चोंदतो आणि पाणी ड्रमच्या काठावरून अंगणात. मग सगळं उपसा, नळाखाली धुवा, परत रचा. एवढं करून पाणी हिरवं ते हिरवंच. दुकानदार म्हणतो पंप छोटा पडतोय, मोठा घ्या. घेऊ का?

खटपट्या
पंप मोठा घेऊ नका! आता सहा दिवसांत चोंदतोय तो दोन दिवसांत चोंदेल, बाकी काही होणार नाही.

आधी एक काम करा. परतीच्या पाइपाखाली २० लिटरची बादली धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. खोक्यावर लिहिलेला आकडा पंप शून्य उंचीवर ढकलतो तो असतो. ड्रमच्या तोंडापर्यंत चढवताना त्यातला बराच गळून जातो.

पेठेतला_मासा
तुरटी फिरवा हो. आमच्या गावी आजी माठात फिरवायची. दोन तासांत पाणी काचेसारखं.

तळ्यात_मळ्यात
@खटपट्या, मोजलं. बादली भरायला ४५ सेकंद. म्हणजे तासाला १६०० लिटर. खोक्यावर ३००० लिहिलंय! ५० वॅटचा आहे.

नळकांडे
तुमचा पंप बरोबर आहे. फिल्टरची रचना उलटी आहे.

हिशोब बघा. १० गुणिले ५ गुणिले २ म्हणजे १०० घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर. तळं झालं २८०० लिटरचं, कुंडी-दगड वजा करून थोडं कमीच. तासाला १६०० लिटर फिरतंय, म्हणजे पावणेदोन तासांत सगळं पाणी एकदा ड्रममधून जातं. परसातल्या तळ्याला तासा-दोन तासांत एक फेरा पुरतो. कोई मोठे झाले की कमी पडेल, तेव्हाचं तेव्हा बघू. ५० वॅट चोवीस तास म्हणजे रोज सव्वा युनिटच्या आत, महिन्याला ३६ युनिट. पंप दुप्पट केलात तर हेही वाढेल, आणि बिल तुम्हीच भरणार आहात, दुकानदार नाही.

आता ड्रमकडे या. फिल्टरची कामं दोन. एक, विष्ठा, उरलेलं खाणं, पाला असला गाळ अडवायचा. दुसरं, डोळ्यांना न दिसणारं: मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, कुजणाऱ्या गाळातूनही तो सुटतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिले दोन माशांना विषारी, नायट्रेट त्या मानाने सोसवतं आणि झाडं ते खातात. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. नव्या फिल्टरमध्ये त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

तुम्ही ही दोन्ही कामं एकाच ड्रमला, त्यातही एकाच स्पंजला लावलीत. गाळ त्यातच अडकतो, जिवाणूही त्यातच राहतात. गाळ काढायला धुता तेव्हा जिवाणूही गटारात जातात. तेही क्लोरीनच्या नळाखाली! दर आठवड्याला तुम्ही नवा फिल्टर सुरू करताय.

म्हणून दोन ड्रम करा.

पहिला ड्रम रिकामा. खरंच रिकामा, आत काहीही टाकायचं नाही. पंपाचं पाणी वरून न ओतता ड्रमच्या निम्म्या उंचीवर आत घ्या आणि आत एल्बो लावून तोंड भिंतीच्या कडेने वळवा. पाणी गोल फिरत राहील. बाहेर जायचा मार्ग वर, काठाच्या खाली वीतभर. २०० लिटरच्या ड्रमचा व्यास पावणेदोन-दोन फूट असतो. तुमच्या १६०० लिटरच्या हिशोबाने पाणी मिनिटाला जेमतेम १० सेंटिमीटर वर चढतं. एवढ्या संथ पाण्यात जड गाळ आपोआप खाली बसतो. तळाशी दीड इंची बॉल व्हॉल्व्ह. आठवड्यातून एकदा तो उघडायचा, काळं पाणी जाईपर्यंत थांबायचं, बंद करायचा. हात ओला होत नाही.

दुसऱ्या ड्रममध्ये पाणी तळाशी सोडायचं आणि वरून काढायचं. तळाशी प्लॅस्टिकच्या क्रेटचा तुकडा उलटा ठेवा म्हणजे खाली वीतभर मोकळी जागा राहील, तिथेही एक व्हॉल्व्ह. क्रेटवर आधी जाड जाळीदार मॅट किंवा भरड स्पंज, वर जिवाणूंना राहायला माध्यम. पहिला ड्रम दुसऱ्यापेक्षा एक वीट उंच ठेवा म्हणजे पाणी आपल्या वजनाने जाईल. ड्रम ते ड्रम आणि दुसऱ्यातून तळ्यात, हे दोन्ही पाइप २ इंची. पंपाची लाइन इंचाची असली तरी परतीची इंचाची चालत नाही, तिथे पंपाचा जोर नसतो. तुमचं पाणी अंगणात यायचं निम्मं कारण तेच असणार.

कोळसा काढून टाका. त्याची शोषायची ताकद थोड्या दिवसांत संपते, मग तो नुसता महागडा दगड. खडीही काढा. जड, आणि पोटात गाळ धरून बसते.

आणि @पेठेतला_मासा, माठाचं ठीक. तुरटी पाण्यातला क्षार (आम्लाला आवरून धरणारा) खाते आणि पाणी आम्लाकडे नेते. कोकणात जांभ्यातून येणारं पाणी मुळातच मऊ, त्यात क्षार कमी. तिथे अंदाजाने तुरटी फिरवली तर सकाळी मासे वर आलेले दिसतील.

पेठेतला_मासा
बरं बुवा. निवळीच्या बिया तरी चालतील का? 😀

नळकांडे
त्या उगाळून लावल्या की मातीचा गढूळपणा बसतो, जुना आणि खरा उपाय आहे. पण यांचं पाणी गढूळ नाही, हिरवं आहे. दोन वेगळी दुखणी.

गप्पीदास
हिरव्याबद्दल मी बोलतो. पाण्यात तरंगणारं एकपेशीय शेवाळ असतं ते. स्पंजाच्या भोकांतून आरामात निघून जातं, म्हणून कितीही धुतलं तरी पाणी हिरवं. त्याला दोन गोष्टी लागतात, ऊन आणि खत. खत तुम्ही माशांना घालता त्या खाण्यातून येतं.

१) तळ्याचा निम्मा पृष्ठभाग पानांनी झाका. एक कमळ पुरत नाही. उन्हाळ्यापुरतं हिरवं शेडनेट एका बाजूला ताणलंत तरी फरक दिसेल.
२) खाणं निम्मं करा. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. गप्पींना तर तुम्ही काही नाही घातलं तरी त्या जगतील.
३) घाई असेल तर यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) लावा. दिव्यासमोरून पाणी गेलं की शेवाळाच्या पेशी मरतात, गुठळ्या होऊन फिल्टरमध्ये अडकतात. मात्र नळी वर्षभराने दिसायला पेटत असली तरी तिचा जोर उतरलेला असतो, बदलावी लागते. आणि चालू दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही.

भिंतींवर आणि दगडांवर मखमलीसारखं शेवाळ असतं ते खरवडू नका. ते तुमच्या बाजूने आहे.

फोंड्याची_माई
मी यूव्ही-बिव्ही काही लावलेलं नाही. फोंड्याला घरामागे आमचं तळं आहे, त्याच्या वरच्या अंगाला एक कट्टा बांधून घेतला, फूटभर खोल. त्यात तळाशी भोकं पाडलेला पाइप, वर बारीक गोल खडी, आणि खडीत कर्दळ, वेखंड, वाळा. माती चिमूटभरही नाही. पंपाचं पाणी पाइपातून खडीत खालून वर येतं आणि कट्ट्याच्या काठावरून तळ्यात पडतं. कर्दळ अशी माजते की महिन्याला छाटून नारळाच्या आळ्यात टाकते. शेवाळाला खत उरतच नाही.

कट्ट्याचं क्षेत्र तळ्याच्या १० ते २० टक्के असलं की बास. तुमचं ५० चौरस फूट, तर ५ ते १० चौरस फुटांचा कट्टा.

जलपर्णी मात्र आणू नका हां. शोषून घेते खरी, पण पावसात तळं भरून वाहिलं आणि एक रोप व्हाळात गेलं की सगळ्या गावाच्या डोक्याला ताप.

तळ्यात_मळ्यात
माई, कर्दळीऐवजी अळू लावलं तर? घरात वड्यांची आवड आहे.

फोंड्याची_माई
लागतं की, पाण्यात छानच वाढतं. पण तळ्याला औषध घातलंत तर त्या अळूच्या वड्या करायच्या नाहीत, एवढं लक्षात ठेवा. मी आपली कर्दळच लावते. फुलं येतात.

खटपट्या
@नळकांडे, दोन ड्रमचं पटलं, पण पंप तळ्यातच ठेवणार असाल तर अर्धा फायदा गेला. पंखा विष्ठेचं पीठ करतो आणि ते पीठ पहिल्या ड्रममध्ये बसत नाही. ड्रम जमिनीत गाडा, तळ्याच्या पातळीला. भिंतीला भोक पाडून ४ इंची पाइपने पाणी आपसूक ड्रममध्ये येऊ द्या आणि पंप शेवटी, स्वच्छ पाण्यात ठेवा. उंची चढवायची नसल्याने तोच पंप जास्त पाणीही देईल.

नळकांडे
तत्त्वतः शंभर टक्के. नवं तळं बांधणाऱ्या प्रत्येकाने असंच करावं. पण यांचं तळं बांधून, भरून, मासे सोडून झालंय. चांगल्या गिलाव्याला भोक पाडलं की ते कुठे ना कुठे पाझरतंच. शिवाय देवरुखच्या पावसात गाडलेल्या ड्रमच्या खड्ड्यात पाणी साचणार. ड्रम धुवायला रिकामा केला की खालचं पाणी त्याला बोटीसारखं वर उचलतं आणि जोड तुटतात.

पिठाचं म्हणाल तर त्यासाठीच दुसऱ्या ड्रममध्ये तळाला मॅट सांगितली. खोलगट जाळीदार टोपलीत पंप ठेवलात तर पानंही अडकणार नाहीत.

खटपट्या
बोटीसारखा ड्रम वर येतो हे मान्य, बघितलंय. पण पाणी निचरून जाईल अशा उतारावर गाडला तर काही होत नाही. कुणी नवीन बांधत असेल तर माझंच ऐका.

कोथरूडकर_नळदुरुस्ती
थोडी सामानाची भर. ड्रम भंगारवाल्याकडून घेताना आधी त्यात काय होतं ते विचारा. खाद्यतेल, सरबताचा अर्क, लोणचं असं काही असेल तर घ्या. रसायनाचा, कीटकनाशकाचा फुकट दिला तरी नको. प्लॅस्टिक वास धरून ठेवतं, झाकण उघडून नाक घाला, लगेच कळतं.

भोक पाडायला होल सॉ भाड्याने मिळतो. तापवलेल्या सळईने पाडलेलं भोक वाकडं येतं आणि टँक नीपलचा (ड्रमला पाइप जोडायच्या तुकड्याचा) वायसर बसत नाही. वायसर ड्रमच्या आतून लावा. ड्रमची भिंत गोल असते, त्यामुळे २ इंचीच्या वर नीपल नीट दाबून बसत नाही. ड्रम ते ड्रम जोडाला युनियन (फिरवून सुटणारा जोड) टाका, नाहीतर साफ करायच्या दिवशी करवत घेऊन बसाल.

जिवाणूंना राहायला मी इलेक्ट्रिशियनकडे पडलेल्या पन्हाळीदार फ्लेक्सिबल पाइपचे तुकडे वापरले. दोन-दोन इंचाचे कापून पोतंभर. हलके, कुजत नाहीत, आतबाहेर दोन्हीकडून पृष्ठभाग. भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या गोल जाळीदार घासण्याही उत्तम. काथ्या नको, सडतो. फुटकी कौलं चालतात, पण वजन फार.

विजेचा_धक्का
एवढे लोक बोलले, पण विजेबद्दल कोणी बोललं नाही! पाण्यात पंप आहे म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवंच. केबलचा जोड पाण्यात नको, टेप गुंडाळूनसुद्धा नको. सॉकेट पावसापासून वर, आणि केबल सॉकेटच्या खालून वळसा घेऊन येऊ द्या म्हणजे थेंब आत न जाता खाली गळतो. तळ्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचा. बटण बंद करून भागत नाही.

नळकांडे
अगदी बरोबर. त्यालाच जोडून: पंप तळ्याच्या अगदी तळाशी ठेवू नका, विटांवर ठेवा, तळापासून ८-९ इंच वर. कधी पाइप निसटला, ड्रम तडकला, तर पंप सगळं तळं उपसून परसात ओततो. विटांवर असेल तर माशांपुरतं पाणी उरतं. आणि पंपाच्या लाइनला पाण्याच्या पातळीच्या जरा वर एक बारीक भोक पाडा. वीज गेली की ड्रममधलं पाणी उलटं ओढलं जायचं थांबतं.

जर्सीकर
इकडे न्यू जर्सीत आमचा प्रश्न उलटा. पाणी १० अंशांच्या खाली गेलं की जिवाणू जवळजवळ झोपतात आणि मासेही खाणं सोडतात. थंडीत ड्रम रिकामे करून ठेवतो, नाहीतर बर्फाने फुटतात. वर बर्फात एक भोक उघडं राहील एवढंच बघायचं. तुम्हा लोकांचा हेवा वाटतो.

गप्पीदास
हेवा कसला? आमच्याकडे मे महिन्यात प्राणवायूची बोंब. पाणी २० अंशांवर असताना लिटरमध्ये ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर साडेसातच. माशांची आणि जिवाणूंची भूक मात्र वाढलेली. त्यात रात्री झाडं आणि शेवाळही प्राणवायूच घेतात. म्हणून मासे पहाटे तोंड वर काढतात, दुपारी नाही. परतीचं पाणी पाइपातून गुपचूप आत सोडण्यापेक्षा फूटभर उंचावरून पडू द्या.

तळ्यात_मळ्यात
उशिरा लिहितोय, पण काम करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

दोन ड्रम झाले. दुसरा ड्रम चिपळूणच्या भंगारात मिळाला, आमरसाचा होता, अजून उन्हात वास येतो. पोतंभर पाइपाचे तुकडे माझ्या वडिलांनी दूरदर्शनसमोर बसून कापले. माईंचा कट्टाही केला, ६ चौरस फुटांचा, कर्दळ आणि वेखंड. (अळूचा एक गड्डा कोपऱ्यात घुसवलाय.)

पहिल्या ड्रमचा व्हॉल्व्ह पहिल्यांदा उघडला तेव्हा जे बाहेर आलं ते लिहिण्यासारखं नाही. चहाच्या चोथ्यासारखं दाट, काळं, वासाचं. आता ते केळीच्या आळ्यात सोडतो, केळ खूश आहे. दुसऱ्या ड्रमला मी अजून हात लावलेला नाही. पाणी महिनाभर हिरवंच होतं, मग एका आठवड्यात उतरलं. आता तळाचे दगड दिसतात.

पण नवा प्रश्न. श्रावणापासून मासे सुस्त आहेत. थेंबांच्या किटने तपासलं तर अमोनिया पुन्हा दिसतोय. कोई वाढलेले नाहीत, खाणंही तेवढंच. फिल्टर बसला की काय?

गप्पीदास
पीएच (पाणी किती आम्ल, त्याचा आकडा) किती? आणि पाण्यातला क्षार, किटवर केएच लिहिलेला?

तळ्यात_मळ्यात
पीएच ६ च्या आसपास, किटचा रंग त्याच्या खाली दाखवतच नाही. केएचला पहिल्याच थेंबाला रंग बदलला.

गप्पीदास
सापडलं. अमोनियाचं नायट्रेट करताना जिवाणू पाण्यातला क्षार खर्च करतात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवायला सात ग्रॅमांहून थोडा जास्त क्षार, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने. देशावर बोअरचं पाणी जड, तिथे तो संपत नाही. तुमच्याकडे मुळात कमी, वरून दोन महिने पावसाने तळं धुऊन काढलं. क्षार संपला, पीएच घसरला, जिवाणूंनी काम सोडलं.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. पीएच एकदम वर ओढू नका. पीएच ६ ला अमोनिया बहुतेक सगळा कमी विषारी रूपात असतो. ३० अंशांच्या पाण्यात पीएच ८ ला त्यातला सात टक्क्यांच्या आसपास विषारी होतो, ९ ला चाळीसच्या वर. किटवरचा आकडा तोच, पण मासे मरतात. म्हणून आधी चौथा हिस्सा पाणी बदला, खाणं बंद करा. मग साधा खायचा सोडा. तुमच्या २८०० लिटरला १४० ग्रॅमने क्षार लिटरमागे ३० मिलिग्रॅम वाढतो. तोही एका दमात नको, तीन-चार दिवसांत विभागून, बादलीत विरघळवून ड्रममध्ये ओता.

कायमचा उपाय तुमच्या किनाऱ्यावर फुकट पडलाय. कालवांचे, तिसऱ्यांचे शिंपले गोड्या पाण्यात चांगले धुवा, कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरा आणि दुसऱ्या ड्रमच्या तोंडाशी टांगा. पाणी आम्लाकडे झुकलं की ते विरघळतात, नाहीतर नुसते पडून राहतात. जास्त झाले असं होत नाही.

फोंड्याची_माई
आमच्याकडे खुब्यांचे शिंपले टाकलेत. पण आतलं मांस नीट काढलेलं असू दे, नाहीतर अमोनियात भर.

पेठेतला_मासा
मंडळी, एक शंका. या वर्षी शाडूची मूर्ती घरच्याच तळ्यात विसर्जित केली तर फिल्टरला काही होईल का?

नळकांडे
शाडू इतकी बारीक असते की ती पहिल्या ड्रममध्ये बसत नाही, मॅटमधूनही निसटते, आणि कल्ल्यांना त्रास होतो. रंगांचं तर विचारूच नका. बादलीत विसर्जन करा, माती बसली की वरचं पाणी झाडांना आणि खालची माती पुढच्या वर्षीच्या मूर्तीला.

तळ्यात_मळ्यात
सोडा तीन दिवसांत दिला, शिंपले टांगले. अमोनिया उतरलाय, पीएच ७ च्या जरा वर. कोई परत हातातलं खायला येतात.

आता वीज. काल आमच्याकडे वादळाने ११ तास नव्हती. ड्रम तसेच सुरू केले तर चालेल का?

नळकांडे
आधी दोन्ही ड्रमचे तळाचे व्हॉल्व्ह उघडून ते पूर्ण रिकामे करा, ते पाणी तळ्यात जाऊ देऊ नका. पाणी थांबलं की काही तासांत आतला प्राणवायू संपतो, गाळ सडायला लागतो. तो सगळा पहिल्या लोटाबरोबर माशांवर येतो. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर माध्यमावर तळ्याच्याच पाण्याच्या दोन-तीन बादल्या ओता, मग पंप. पुढचे काही दिवस खाणं अर्धं, आणि किट हाताशी ठेवा.

पुढच्या वेळेसाठी एक ५ वॅटचा हवेचा पंप इन्व्हर्टरवर घ्या, त्याची एक नळी दुसऱ्या ड्रममध्ये आणि एक तळ्यात. एवढ्या भाराला इन्व्हर्टर कुरकुरत नाही.

तळ्यात_मळ्यात
घेतो. ड्रम रिकामा करायला गेलो तर दुसऱ्याच्या तोंडाशी, शिंपल्यांच्या पिशवीवर एक दिवड वेटोळं घालून बसलीय. आई म्हणते बिनविषारी असली तरी आज राहू दे. तिला बाहेर कसं काढायचं?

खटपट्या
झाकण उघडं ठेवा आणि एक लांब फांदी आत तिरकी टेकवून घरात जा. निघून जाईल. मग झाकणाला मच्छरदाणीची जाळी ताणून लावा, म्हणजे दिवडही नाही आणि डासही नाहीत.